गोळ्या काढून द्यायला शिक्षण कशाला?

‘चिठ्ठी डॉक्टरांची, गोळ्या कंपनीच्या; नुसत्या काढून द्यायला एवढं शिक्षण कशाला?’ फार्मासिस्ट आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा घाईत असतो. तुम्ही निवांतपणे विचारलंत, म्हणून सांगते.

काढून द्यायला खरंच फारसं लागत नाही, अक्षर लागलं की झालं. (काही चिठ्ठ्यांचं तेही लागत नाही, ते सोडा.) शिक्षण लागतं ते डबी हातात आल्यावर थांबायला.

मेथोट्रेक्सेटचं बघा. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. पण गोळी म्हणजे रोजची, ही सवय इतकी मुरलेली की चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असूनही माणूस रोज घेऊ लागतो. मग तोंड येतं, अस्थिमज्जेचं काम मंदावतं, पांढऱ्या पेशी घसरतात. या चुकीने माणसं दगावलेली आहेत. म्हणून मी ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर सोडत नाही. ‘कुठल्या वारी घेणार?’ विचारते आणि तो वार पाकिटावर लिहिते. सोबत बहुधा फॉलिक ॲसिड असतं, आणि या दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान, पिवळ्या. कुठली कधी, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेते. काहींना राग येतो. येऊ दे.

पॅरासिटामॉलची गंमत वेगळी. ते तापाच्या गोळीत असतं, तसं सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जाता येत नाही, नाहीतर यकृतावर बेततं. नावं दोन, औषध एकच, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

एक गृहस्थ तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागायला आले. कोरडा खोकला, ताप नाही, कफ नाही.

‘दुसरं काही औषध चालू आहे?’

‘छे.’

‘रक्तदाबाचं?’

‘ते होय! ते रोजचंच.’

रोजचं औषध लोक औषधात धरतच नाहीत. निघाली एनालाप्रिल. त्या गटातल्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि काहींना असा खोकला लागतो. बाटल्या रिचवून तो हटत नाही. मी बाटली दिली नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. गोळी बदलली. खोकला जायला तरी काही आठवडे गेले.

पुढे एकदा आले ते कुरकुरतच. ‘त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हाताने पाठवलंत मला.’ मग नाक पुसत तापाच्या गोळ्या मागितल्या.

मी स्ट्रिप काढली, पण हातातच ठेवली. ‘सर्दीची गोळी चालू आहे का?’

‘ती होय!’ म्हणाले.