चक्कर आल्यानंतर पुन्हा मोटारसायकलवर

अंतर्कर्णातून मेंदूकडे तोलाचा संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला सूज येते, त्या आजाराला वेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात. ही सूज बहुधा एकाच बाजूला असते, त्यामुळे दोन कानांच्या संदेशांचा मेळ बसत नाही आणि माणूस जागच्या जागी गरगरतो. हे नाव मला कळेपर्यंत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आप्तांनी पित्त, बीपी आणि मानेचा मणका अशी तिन्ही निदाने करून टाकली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र एकाचे दोन दिसते का, बोलताना जीभ अडखळते का, ऐकू कमी येते का, हे आधी विचारून घेतले. मग माझे डोके दोन्ही हातांत धरून त्यांनी मला त्यांच्या नाकाकडे पाहत राहायला सांगितले. डोके झटकन उजवीकडे वळवले की माझी नजर नाकावरून घसरे आणि उडी मारून परत जागेवर येई. डावीकडे वळवताना ती ढळत नव्हती. उजवा कान कमी पडतो, हे तेवढ्यावरूनही त्यांच्या लक्षात आले.

गोळी पहिल्या काही दिवसांपुरतीच होती. ती घेऊन मकरपुऱ्याला कामावर गाडीने जाता येईल का, असे विचारल्यावर, ती झोप आणते आणि बिघाडाशी जुळवून घेण्याचे मेंदूचे कामही लांबवते, असे उत्तर मिळाले. चक्करेची गोळी खिशात ठेवून मोटारसायकल काढणारे लोक मी पाहतो; ती मला निव्वळ बेपर्वाई वाटते.

खरा उपचार व्यायामाचा होता. भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत ‘क’ अक्षराचा कागद चिकटवून, अक्षर पुसट होऊ न देता डोके डावी-उजवीकडे हलवायचे. आधी बसून, मग उभे राहून, पुढे दुमडलेल्या गादीवर उभे राहून आणि शेवटी चालता चालता. त्याने थोडे गरगरते, आणि थोडे गरगरलेच पाहिजे, कारण नजर चुकते हे कळल्याखेरीज मेंदू ती दुरुस्त करीत नाही. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, हे मात्र खरे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही मी लगेच रस्त्यावर गेलो नाही. वेगात मोटारसायकल बरीचशी आपली आपणच सरळ राहते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर ठीक वाटले तरी त्यावरून फारसे काही ठरत नाही. चालण्याच्या वेगाला, सिग्नलला थांबताना आणि खांद्यावरून मागे पाहताना तोल चालकालाच सांभाळावा लागतो. त्यामुळे सोसायटीच्या आवारात इंजिन बंद ठेवून, हेल्मेट घालून, दोन्ही पाय टेकवून मान वळवण्यापासून मी सुरुवात केली, कारण हेल्मेटच्या वजनाने मान वळताना पडणारा फरक घरी समजत नाही. त्यानंतर अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक हलका दाबून, आरटीओच्या चाचणीसारखा आठचा आकडा काढला. पुढच्या चाकाकडे पाहिले की गाडी डुलायची आणि वळणाच्या टोकाकडे पाहिले की सावरायची.

सर्वांत अवघड गेले ते अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता. वरच्या उन्हातून उतारावरून रेल्वेखालच्या काळोखात शिरताना क्षणभर डोळ्यांना क्षितिज मिळत नाही, आणि ज्याचा एक कान कमकुवत आहे तो डोळे व तळपाय यांच्यावर जास्त विसंबून असतो. तिथून मी आधी दिवसा, गर्दी नसताना गेलो. रात्रीची सवारी अगदी शेवटी ठेवली आणि हेल्मेटची गडद काच काढून साधी पारदर्शक बसवली. पत्नीला मागे बसवणेही पुष्कळ उशिरा सुरू केले, कारण मागच्याचे वजन ऐन थांबतानाच सरकते.

पुढे लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली. नमुना १ मधल्या स्वयंघोषणेत फेफरे, अचानक शुद्ध हरपणे किंवा कोणत्याही कारणाने येणारी चक्कर यांविषयी थेट प्रश्न आहे, आणि चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये वेगळे द्यावे लागते. त्या प्रश्नापुढे खूण करण्याआधी मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन डोके वळवण्याची तीच चाचणी पुन्हा करवून घेतली, मधल्या काळात चक्कर आली नसल्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांपुढे आजाराचे सगळे कागद ठेवले. त्यांनी ते वाचले, मला डोळे मिटून उभे केले आणि मगच सही केली.