फाल्कोंचा आवाज पाच वर्षांत का संपला?

फ्रेंच ऑपेरात ‘फाल्कों’ हे आवाजाच्या एका जातीचं नाव आहे. सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज) आणि मेझो (त्याखालचा, मधला आवाज) यांच्या सीमेवरचा आवाज: खालचे स्वर गडद, मधलं सप्तक भरदार, वरची टीप लागते, पण तिथे फार वेळ थांबवत नाही. ज्या कोर्नेली फाल्कोंवरून हे नाव पडलं, ती पॅरिसच्या ऑपेरात जेमतेम पाच वर्षं गायली.

जन्म १८१४चा. पॅरिसच्या कॉन्झर्व्हातुआर या संगीतशाळेत शिक्षण, अभिनयाचे धडे त्या काळचा अव्वल टेनर (पुरुषांच्या उंच आवाजाचा गायक) आदोल्फ नूरीकडून. २० जुलै १८३२ला मायरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’मध्ये ती आलिस म्हणून उभी राहिली, तेव्हा वय होतं १८. पुढे १८३५मध्ये आलेव्हीच्या ‘ला जुइव्ह’मधली राशेल आणि २९ फेब्रुवारी १८३६ला मायरबेअरच्याच ‘ले ह्युगनो’मधली व्हालांतीन. या दोन्ही भूमिका पहिल्यांदा तिनेच गायल्या. व्हालांतीनचं चौथ्या अंकातलं द्वंद्वगीत तर नूरीच्या आग्रहामुळे लिहिलं गेलं, आणि माझ्या मते त्या ऑपेराचा जीव तिथेच आहे.

पण १८व्या वर्षी एवढा भार! नाट्यमय जातीचा आवाज पक्का व्हायला पंचविशी तरी उलटावी लागते. समोर मोठं सभागृह, पितळी वाद्यांनी भरलेला ऑर्केस्ट्रा. अशा वेळी गायिका छातीचा आवाज, म्हणजे खालच्या स्वरांचा जाड आवाज, वर ओढत नेते. पियानोच्या मधल्या ‘सी’ स्वराच्या वरच्या ‘एफ’पर्यंत तो ठीक. त्यापुढेही तसाच जाड ठेवला, तर स्वरतंतू नीट ताणले जाण्याआधीच जोरात आपटतात. त्यात वरच्या ‘ए’ला ते सेकंदाला सुमारे ८८० वेळा मिटतात-उघडतात. सूज येते, मग स्वर लावायला आणखी जोर, मग आणखी सूज.

मार्च १८३७, नीडरमायरचं ‘स्त्रादेला’, दुसरा प्रयोग. नूरी गाण्यात विचारतो: उद्या निघायचं, येशील? तिला उत्तर द्यायचं होतं, ‘मी तयार आहे’. तोंड उघडलं आणि स्वरच निघाला नाही. पुढे जे सूर आले, त्यांना संगीतकार-समीक्षक बर्लिओझने पाणी भरलेल्या बासरीची उपमा दिली.

उपचार म्हणून तिने इटलीची हवाही घेऊन पाहिली. १४ मार्च १८४०ला ती पुन्हा त्याच रंगमंचावर आली, तेव्हा आवाजातला रंग उडालेला होता. नेमकं काय बिघडलं होतं हे तेव्हा कोणाला कळणार? गायनशिक्षक मान्वेल गार्सियाने आरशाने स्वतःचे स्वरतंतू पाहिले तेच १८५४मध्ये. त्यामुळे वर दिलेलं कारण हा तिच्या भूमिकांवरून बांधलेला अंदाज आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत पटणारा.

या भूमिका आज बसवताना सुरुवात राशेलच्या ‘इल व्हा व्हनिर’ या गाण्यापासून करावी. खालच्या ओळी कुजबुजीच्या जवळ ठेवाव्यात, मधल्या ‘सी’च्या वरच्या ‘ई’ आणि ‘एफ’वर आवाज मुद्दाम हलका करून पाहावा. तिथे घोगरेपणा आला तर त्या दिवशी वरचे स्वर घेऊ नयेत. व्हालांतीनचा चौथा अंक तालमीत रोज पूर्ण आवाजात गाऊ नये. अर्ध्या आवाजात, शब्द स्वच्छ ठेवून गावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हळू आवाजात वरच्या सप्तकातला ‘एफ’ लागत नसेल, तर आदल्या दिवशी जास्त गायलं गेलंय. त्या दिवशी गाऊच नये.