फ्रॉस्टप्रूफची पिस्तूल मॅच : पळण्यात नाही, निघण्या-पोचण्यात वेळ जातो

फेब्रुवारीत अटलांटाहून गाडी काढून फ्लोरिडातल्या फ्रॉस्टप्रूफला जाऊन आलो, यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेची दोन दिवसांची मॅच, 10 स्टेज. स्टेज म्हणजे टार्गेटं मांडलेला एकेक टप्पा, तो पळत-पळत आणि घड्याळ लावून मारायचा. गावाचं नाव संत्र्याच्या बागावाल्यांनी जाहिरातीसाठी ठेवलेलं म्हणे, आणि पुढे कडाक्याची थंडी पडून बागा गेल्याच, असो. 2014 चं वर्ल्ड शूट, म्हणजे या खेळातली जागतिक स्पर्धा, इथल्याच रेंजवर झालं होतं. साडेसात-आठ तासांचा रस्ता, मुक्काम लेक वेल्सला करा, तिथून रेंज जवळ पडते.

आधी स्कोरिंग सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॉइंट भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. मी कॅरी ऑप्टिक्स या गटात, पिस्तुलावर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच) आणि सगळं मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या गोळ्यांचं स्कोरिंग, टार्गेटच्या मधल्या ए भागाला 5, त्याबाहेरच्या सी ला 3, कडेच्या डी ला 1, मिस झाली की वजा 10. पहिल्या दिवशी 32 राउंडच्या मोठ्या स्टेजवर माझे 26 ए आणि 6 सी, 148 पॉइंट, वेळ 24 सेकंद, हिट फॅक्टर 6.17, आणि मी जाम खूश. मग माझ्या स्क्वॉडमधला, म्हणजे सोबत फिरणाऱ्या गटातला, ऑरलँडोला राहणारा एक नागपूरचा दोस्त उतरला, त्याने माझ्यापेक्षा 3 सी जास्त मारले, 142 पॉइंट, पण वेळ 18.5. म्हणजे 7.68. नेम माझा चांगला आणि पुढे तो!

रात्री हॉटेलवर दोघांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बसलो. गोळ्या झाडण्याचा वेग जवळपास सारखाच. पण एका जागेवरची शेवटची गोळी ते पुढच्या जागेवरची पहिली गोळी, यात मला साधारण 3.4 सेकंद आणि त्याला 2.3. असं चार वेळा, म्हणजे 4.4 सेकंद तिथेच गेले, उरलेला 1.1 सेकंद मी उभ्या-उभ्या मॅगझीन बदलण्यात घालवला. तो म्हणाला, "तू पळतो मस्त बे, पण पोचल्यावर झोपतो काहून?" खरंच होतं ते. मी पळत जायचो, दोन्ही पाय टेकून थांबायचो, मग पिस्तूल वर आणायचो, मग डॉट शोधायचो. त्याचं पिस्तूल शेवटच्या दोन पावलांत डोळ्यासमोर आलेलं असायचं, पाऊल पडायच्या आत डॉट टार्गेटवर.

यात एक गंमत आहे, मी शाळेत खो-खो खेळलोय आणि हे तंत्र मला तिथेच शिकवलं होतं. खांबाजवळ येताना कोणी ताठ येत नाही, गुडघे वाकवून, पावलं आखूड करत, अंग खाली घेऊन येतो, आणि उठताना वजन आधीच पुढच्या दिशेला गेलेलं असतं. स्टेजवर तेच करायचं. शेवटच्या टार्गेटवर मारतानाच वजन निघायच्या पायावर घ्या, पण शॉट पक्का झाल्याशिवाय निघू नका, घाईत तिथेच मिस होते. मॅगझीन बदलायचं असेल तर पहिल्या पावलातच. आणि बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, नळी कायम समोर, 180 च्या रेषेमागे, म्हणजे तुमच्या दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या कल्पित रेषेमागे गेली की थेट डीक्यू, मॅचमधून बाद, तिथे रडून उपयोग नाही.

स्टेजचा प्लॅन ही दुसरी गोष्ट. जवळचं, उघडं टार्गेट जागेवर शिरताना घ्या किंवा तिथून निघताना, कारण ते चालता-चालता मारता येतं. लांबचं किंवा नो-शूटमागे (ज्याला गोळी लावायची नसते त्या टार्गेटमागे) लपलेलं मधे ठेवा, पाय स्थिर असतात तेव्हा. पॉपर (गोळी लागली की पडणारं लोखंडी टार्गेट) पाडल्यावर स्विंगर (झोके घेणारं टार्गेट) हलायला लागत असेल तर आधी पॉपर, मग बाजूचं एखादं उभं टार्गेट, मग स्विंगर, नुसतं त्याची वाट बघत बसायचं नाही. माझी चूक मात्र वेगळीच. पाचव्या स्टेजला वॉकथ्रूची, म्हणजे सुरुवातीआधी स्टेज फिरून बघायची पाच मिनिटं संपत आली असताना एका ग्रँडमास्टरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या नेमबाजाचा, प्लॅन बघितला आणि माझा बदलला. सुरुवातीचा बीप झाल्यावर डोक्यात दोन्ही प्लॅनची खिचडी, बॅरलमागचं एक टार्गेट सरळ विसरलो. त्यावरच्या दोन गोळ्यांच्या दोन मिस म्हणजे वजा 20, टार्गेटवर गोळीच न झाडल्याचे आणखी वजा 10. एका टार्गेटला तीस पॉइंट फुकट!

त्यामुळे शक्यतो आदल्या दिवशी दुपारीच पोचा, स्टेज मांडलेले असतात, निवांत फिरून बघा. प्रत्येक जागेवर किती गोळ्या ते मोजा, सगळी बेरीज स्टेजच्या ठरलेल्या आकड्याएवढी (त्या मोठ्या स्टेजला 32) येत नसेल तर काहीतरी सुटलंय. मग डोळे मिटून पूर्ण स्टेज मनात चालवा, कुठे अडखळलात तर प्लॅन अजून पाठ नाही. दुसऱ्या दिवशी मी एवढंच केलं, आणि पिस्तूल लवकर वर. शेवटच्या स्टेजला एका जागेवरून दुसरीकडे पोचायचा वेळ अडीच सेकंदांच्या आसपास आला, अजून दोस्ताच्या मागेच आहे.

बाकी किरकोळ. जमीन वाळूची आहे, साधे रनिंग शूज घसरतात, तळाला रबरी दाते असलेले घ्या. मॅचला अडीचशे गोळ्या लागल्या तर चारशे न्या. विमानाने जाणार असाल तर पिस्तूल रिकामं करून कुलपाच्या कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. गोळ्यांना बहुतेक एअरलाइन 11 पाउंडांची मर्यादा ठेवतात, चारशे त्यात जेमतेम बसतात.

आणि व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याची अडचण नाही, राज्याचं वेगळं बघा. एच वन बी सारख्या व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, रेंजवर भाड्याची हातात घेणंही त्यातच मोडतं. हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत, पण मित्राला नाही, वकिलाला विचारा.

रेंजची बॅग घेऊन भारतात जाऊ नका, रिकामी वाटली तरी. कोपऱ्यात एखादी जिवंत गोळी राहिलेली असते आणि विमानतळावर सापडली की आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते. आमच्याकडे बायकोने त्या बॅगेला लाल रिबीन बांधून ठेवलीये, सुट्टीचं सामान भरताना ती गॅरेजमधून आत आणायलाच बंदी आहे.