भांडी बाजारात हॉर्न

पंचवटीतल्या आमच्या घरी दिवाणावर पेटी उघडली आणि पोटात गोळा आला. हॉर्नच्या भोंग्याला, अगदी कडेपासून चार बोटं आत, करंगळीच्या टोकाएवढा पोचा पडला होता. ती पेटी मी फ्रँकफर्टहून हातातच आणणार होते. विमानाच्या दारात जागा संपली म्हणाले आणि माझ्या हातातून घेऊन खाली सामानात टाकली. मी तीनदा सांगितलं की नाजूक वाद्य आहे. त्यांनी तीनदा मान हलवली.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मूळची नाशिकची, नऊ वर्षं जर्मनीत, नोकरी सॉफ्टवेअरची. तिथे गेल्यावर सव्विसाव्या वर्षी फ्रेंच हॉर्न, म्हणजे गोल गुंडाळलेल्या लांब नळीचं पितळी फुंकवाद्य, हातात घेतला आणि आता हौशी वाद्यवृंदात चौथा हॉर्न वाजवते. (नावात फ्रेंच असलं तरी जर्मनीत कुणी त्याला तसं म्हणत नाही. नुसतं 'हॉर्न', नाहीतर 'वाल्डहॉर्न', म्हणजे रानातलं शिंग.) यंदा मावसबहिणीच्या लग्नासाठी तीन आठवडे घरी आले, पण वाद्य बरोबर आणणं भाग होतं. जर्मनीत वर्ष संपताना बेथोवनची नववी सिम्फनी वाजवायची प्रथा आहे आणि ३१ डिसेंबरला आमचाही कार्यक्रम आहे. तीन आठवडे हॉर्नला हात लावला नाही तर ओठ सुटतात. गळ्याला रियाज लागतो तसा ओठांच्या कडेच्या स्नायूंना लागतो. आठवडाभर सोडलं की वरचे सूर थरथरायला लागतात आणि दहा मिनिटांत तोंड भरून येतं.

पोचा बघून आई म्हणाली, "पितळेचंच आहे ना? चिंच-मीठ लावते, लख्ख होईल. पोच्याचं नंतर बघू." चिंच भिजतही टाकली होती. तिला समजावलं, की या पितळेवर वार्निशचा पारदर्शक थर आहे, आंबट लागलं की तो जाईल आणि पितांबरीने घासलं तर ओरखडे पडतील. मऊ सुती फडक्याने पुसायचं, बस. तिला ते पटलं नाही. पितळेचं भांडं नुसतं पुसून ठेवायचं, हे तिच्या हातांना मान्यच होत नव्हतं. पण चिंच तिने आमटीत घातली.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर भांडी बाजारात गेले. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली, तेव्हा पोचा काढणारा हात इथे मिळणारच असं बाबांचं म्हणणं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक वयस्कर काका घंगाळ ठोकत बसले होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि भोंग्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. सबंध गोल, एकदा बाहेरून, एकदा आतून. मग नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"ताई, पत्रा कितीचा आहे हा?"

म्हटलं, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल.

"मग मी हात नाही लावणार. ठोकला की पत्रा पसरतो. पोचा जाईल, पण कडेला लाट येईल. वाजतो का आधीसारखा?"

मी तिथेच उभ्याने वाजवून दाखवला. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सूर होता तसाच होता. खरं तर मला ते माहीत होतं, पण कुणीतरी विचारायला हवं होतं. हॉर्नच्या भोंग्यावरचा लहानसा पोचा सुराला फारसा त्रास देत नाही. तोच पोचा तोंडाजवळच्या अरुंद नळीत पडला असता तर काही सूर धरताच आले नसते, कारण तिथे नळी जेमतेम पेन्सिलीएवढी असते. "मग राहू द्या," काका म्हणाले. "ज्याने बनवलंय त्याच्याकडे न्या." माझा हॉर्न माइंत्सच्या अलेक्झांडर कारखान्यातला, जुना विकत घेतलेला. ते घराणं १७८२ पासून वाद्यं बनवतंय. हे ऐकल्यावर काकांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि जिथे भोंगा नळीला जोडलाय तिथला झाळलेला सांधा बराच वेळ पाहत राहिले. पैसे घेतले नाहीत. न केलेल्या कामाबद्दल इतकं कृतज्ञ मला क्वचितच वाटलंय.

पोच्याची काळजी अशी मिटली. हॉर्नवाल्यांची खरी काळजी वेगळीच असते, आणि ती मामाने त्या रात्री जेवताना बरोबर विचारली. "एवढी सत्तर-ऐंशी माणसं वाजवतात. त्यात तुझा एक सूर चुकला तर कुणाला कळणार?"

मामा, सगळ्यांना कळतं.

हॉर्नची नळी उलगडली तर साधारण ३.७ मीटर भरते. ट्रम्पेटची जेमतेम १.४. कळ न दाबता नुसत्या ओठांनी कुठल्याही नळीतून ठरावीक सूर निघतात. खालचे एकमेकांपासून लांब, आणि वर जावं तसे जवळजवळ. आमच्या जुन्या वाड्याचा अंधारा जिना आठवतोय? खाली पाऊल ऐसपैस मावायचं, वर पोचताना पायऱ्या इतक्या अरुंद की पाय तिरका टाकावा लागायचा. हॉर्नवाला कायम त्या वरच्या पायऱ्यांवर वावरतो. नळी लांब असल्यामुळे आमचे नेहमीचे सूर त्या दाटीतच येतात. तिथे एकाच बोटांवर शेजारी-शेजारी दोन-तीन सूर बसलेले असतात, आणि कुठला लागणार हे फक्त ओठांचा ताण आणि हवा ठरवते. सूर फुंकण्याआधी तो डोक्यात ऐकू यावा लागतो. नाही आला तर ओठ शेजारच्या पायरीवर पडतात आणि दरीत दगड गडगडावा तसा आवाज निघतो. जर्मन लोक त्याला 'कीक्सर' म्हणतात. व्हायोलिनच्या ताफ्यात एकाची चूक झाकली जाते. आम्ही चौघं, आणि चौघांचे सूर वेगळे. झाकणार कोण?

म्हणून आमच्यात एक अलिखित रीत आहे. शेजाऱ्याचा सूर फुटला तर मान वळवायची नाही. भुवईसुद्धा हलवायची नाही. आणि एखाद्याने अवघड जागा सुंदर वाजवली की पुढे बघतच पाय जमिनीवर हलकेच घासायचे. प्रेक्षकांना ते कळत नाही, पण ज्याने वाजवलंय त्याला टाळ्यांपेक्षा तेवढंच पुरतं. मी नवीन होते तेव्हा एका कार्यक्रमात लागोपाठ दोनदा फुटले. तिसऱ्या हॉर्नवरचे निवृत्त शिक्षक मध्यंतरात काहीच बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. या वाद्यात मी टिकले ती त्या चहामुळे, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकमध्ये रियाजाची मोठी चैन आहे. तिकडे आमच्या इमारतीत रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज बंद, दुपारी एक ते तीन विश्रांती. उरलेल्या वेळात भोंग्यात रियाजाचा म्यूट खुपसून वाजवते, त्याने आवाज कमी होतो पण फुंक अडते आणि अंदाज बिघडतो. इथे गच्चीवर उघड्याने वाजवते आणि शेजारच्या काकू वाळवण आवरत विचारतात, "आज ते कालचं नाही का वाजवणार?" एका पोराने मला नळीतून पाणी काढताना पाहिलं आणि खाली जाऊन "ताई थुंकी साठवते" असं जाहीर केलं. त्याला वर बोलावून गार स्टीलच्या वाटीवर श्वास सोडायला लावला. वाटीवर दव जमलं, तेव्हा त्याला पटलं. नळीतलं पाणी बहुतेक तेच असतं, श्वासातली वाफ.

डिसेंबरच्या थंडीचा त्रास मात्र आहे. सकाळी गच्चीवर गार पितळेतून सूर उतरलेला निघतो, फुंकून नळी तापली की चढत जातो. ओठ फुटतात, आई तूप लावायला येते, आणि तुपाने मुखनळी घसरते. कार्यक्रम जवळ आला की झणझणीत मिसळही बंद. तिखट-मिठाने ओठ किंचित जरी सुजले तरी वरच्या पायऱ्या सापडत नाहीत. नाशिकला येऊन मिसळ टाळायची, याचं दुःख समजून घेणारे वाचक मला इथेच भेटतील.

लग्नात तुतारीवाले दादा होते. वरात थांबली तेव्हा मी त्यांच्याशी बोलले आणि ते हॉर्न बघायला घरी आले. मुखनळी धुऊन दिली. पहिल्या फुंकेत भरदार, न फुटलेला सूर! मला तो यायला सहा आठवडे लागले होते. "एवढ्या कळा कशाला?" त्यांनी विचारलं. प्रश्न योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हॉर्नलाही कळा नव्हत्या, तुतारीसारखीच नुसती नळी. अठराव्या शतकात ड्रेस्डेनच्या हांपेल नावाच्या वादकाने उजवा हात भोंग्यात घालून मधले सूर काढायची रीत बसवली. कळा आल्या तरी तो हात आजही आत असतो, म्हणून कळा डाव्या हाताला. दादांनी लगेच तुतारीच्या तोंडात हात घालून पाहिला. सूर दबला, खाली सरकला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले, आणि पुन्हा पुन्हा करून पाहत राहिले.

आता चौथ्या हॉर्नबद्दल. "चौथी म्हणजे शेवटची का गं?" असं मावशीने विचारलं, आणि ते मला लागलं. पहिला आणि तिसरा वरचे सूर वाजवतात, दुसरा आणि चौथा खालचे. चौथा हे वेगळं काम आहे, खालचा क्रमांक नव्हे. चौघांचा पाया तोच धरतो. आणि बेथोवनने नवव्या सिम्फनीच्या तिसऱ्या, संथ भागात मोठा एकल तुकडा पहिल्याला न देता चौथ्याला दिला. ७ मे १८२४ ला व्हिएन्नात तो प्रथम वाजला तेव्हा कळा नुकत्याच निघाल्या होत्या. त्या वादकाकडे कळांचा हॉर्न होता की त्याने हातानेच सगळं निभावलं, यावर हॉर्नवाले अजून भांडतात. मला वाटतं हातानेच. खालचे सूर वाजवणाऱ्यांचा हात त्या काळी फार तयार असायचा आणि तो तुकडा हाताला ओळखून लिहिल्यासारखा आहे.

त्यात एका ठिकाणी एकट्याने सुरांचा जिना चढून उतरायचा. कागदावर तो, हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर, काळी दोनच्या हॉर्नसाठी लिहिलेला, माझं वाद्य पांढरी चारचं, म्हणजे प्रत्येक सूर मनात एक पायरी खाली आणून वाचायचा. पेटीवाल्यांना यात नवल वाटणार नाही. रोज सकाळी गच्चीवर मी तो वीस वेळा वाजवते. काल अठरा वेळा नीट आला.

उद्या पहाटे निघायचंय. या वेळी पेटी भोंगा घट्ट बसेल अशी भरायची म्हणून आईने तिची जुनी सुती साडी फाडून चार तुकडे केले. तीन भोंग्याभोवती कोंबले. चौथा दुमडून वर ठेवला, पुसायला. आणि दिवा मालवण्याआधी तोच तुकडा घेऊन ती पोच्यावरून हळूहळू गोल फिरवत बसली.