तेलाचे डाग बघायला डक्सफर्डला

लंडनला मामेबहिणीकडे आठ दिवस होतो. त्यातला एक दिवस डक्सफर्डचा, हे मी विमानाचं तिकीट काढायच्या आधीच ठरवलं होतं. मामा बरोबर येतील असं मात्र वाटलं नव्हतं. ते तीन महिने लेकीकडे आहेत, वय ब्याऐंशी, गुडघे कुरकुरतात. आदल्या रात्री म्हणाले, "विमानंच आहेत ना? मग येतो. राजवाडे बघून कंटाळलोय."

लिव्हरपूल स्ट्रीटवरून केंब्रिजची गाडी, व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरायचं, तिथून टॅक्सीने दहा मिनिटं. वाटेत सांगण्यासारखं काही नाही. सपाट शेतं, मेंढ्या आणि मामांनी सव्वानऊलाच उघडलेला पोळी-चटणीचा डबा.

डक्सफर्ड म्हणजे इम्पीरियल वॉर म्युझियमचं विमानतळावरचं घर. पण नुसतं म्युझियम म्हटलं तर चुकेल, कारण इथली बरीच विमानं उडतात. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान पहिल्यांदा ज्या तुकडीला मिळालं ती 19 क्रमांकाची स्क्वाड्रन इथलीच, साल 1938. पुढे 1943 पासून अमेरिकन आले. त्या काळातले हँगर अजून उभे आहेत. गवताची धावपट्टीही तशीच आहे, शेजारी डांबरी. मी शाळेत असताना प्लास्टिकचं स्पिटफायर जोडून पंख्याला टांगलं होतं, त्यामुळे माझं इथे काय होणार हे उघड होतं. मान वर करून चालायला लागलो. मामा मात्र मान खाली घालून.

"काय शोधताय?"

"तेल. कुठलं विमान उडतं आणि कुठलं नुसतं उभं आहे ते खाली बघितलं की कळतं."

खरंच होतं. उडणाऱ्या प्रत्येक विमानाखाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला आणि त्यात काळपट थेंब. शोभेच्या विमानांखालची फरशी लख्ख. मामांनी पहिल्या हँगरमधली विमानं अशीच पाच मिनिटांत वाटून टाकली, नावाची एकही पाटी न वाचता.

मामा 1961 साली एअरफोर्समध्ये लागले, इंजिन फिटर म्हणून. जलहळ्ळीला ट्रेनिंग, मग लोहगाव. तेव्हा लोहगावला लिबरेटर होती. ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमानं आपल्याकडे कशी आली, ती गोष्टच निराळी आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला मोडून टाकली, कारण अमेरिकेकडून उसनी घेतलेली विमानं एकतर परत करायची किंवा निकामी करायची असा करार होता. त्या भंगारातून 1948 पासून एचएएल या आपल्या विमान कारखान्याने चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी केली. कानपूरला जेमतेम उडण्याजोगी करायची आणि बंगळुरूला न्यायची, तिथे खरी दुरुस्ती. नेण्याचं काम जमशेद मुन्शी या एचएएलच्या वैमानिकाने केलं. मोडून टाकलेलं विमान तात्पुरतं जोडून भारताच्या निम्म्या लांबीवरून न्यायचं, तेही एकदा नाही! लिबरेटर आपल्याकडे 1968 पर्यंत उडत राहिली. तोवर जगात दुसऱ्या कुठल्याही हवाई दलाकडे ती उरली नव्हती.

मामांच्या तोंडून यातलं काही कधी निघत नसे. घरी त्यांची ख्याती वेगळीच होती. ते बरणीचं झाकण असं घट्ट लावतात की मामींना लोणचं काढायला शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं.

बाहेर 'सॅली बी' उभी होती. हे बी-17, चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर, युरोपात उडणारं त्या जातीचं एकटंच. दोघं जण एकेका इंजिनाचा पंखा हातानं फिरवत होते. एकाने पातं खाली ओढायचं, सोडायचं, दुसऱ्याने पुढचं धरायचं. बघणाऱ्यांना वाटावं, ढकलस्टार्ट चाललंय. मामा एकदम खुलले. गोल इंजिनात सिलिंडर चहूबाजूंनी लावलेले असतात, विमान उभं राहिलं की तेल पाझरून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल काही दाबलं जात नाही. तशात स्टार्टर मारला तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून आधी हातानं फिरवून बघायचं, कुठे अडतंय का.

"अडलं तर?"

"तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल गाळायचं. नवीन पोरं जोर लावतात." मग इंजिनाकडे बघून म्हणाले, "हे आमचं नाही. हे राइटचं, नऊ सिलिंडरचं. आमचं चौदाचं."

तेवढ्यात पलीकडे दोन सीटचं स्पिटफायर सुरू झालं, आणि मी मामांना तिथेच सोडून कुंपणाकडे पळालो. कबूल करतो.

पंखा दोन-तीन फेरे आळसावल्यासारखा फिरला, एग्झॉस्टमधून पांढरा धूर, एक ठिणगीवजा ज्वाळा, आणि मग सत्तावीस लिटरचं मर्लिन इंजिन लागलं. हा आवाज यूट्यूबवर शेकडो वेळा ऐकलाय. पण यूट्यूबवर बरगड्या थरथरत नाहीत. मर्लिन हे नाव जादूगाराचं नाही, एका छोट्या ससाण्याचं आहे. रोल्स-रॉइसची त्या काळची इंजिनं शिकारी पक्ष्यांच्या नावांची. विमान नागमोडी वळत धावपट्टीकडे गेलं, कारण लांबलचक नाकामुळे वैमानिकाला समोरचं दिसतच नाही. थांबायलाही फार सवड नसते. पंखाखालच्या रेडिएटरला जमिनीवर वारा पुरत नाही, पाणी तापायला लागतं. पाच मिनिटांत ते हवेत गेलंसुद्धा.

मामा मागून येऊन पोचले होते. "आवाज चांगला आहे," एवढंच बोलले. सवाई गंधर्वमध्ये नवख्या गायकाला म्हणावं तसं.

मग मी त्यांना मर्लिनची खोड सांगितली, थोडी खुन्नस म्हणून. 1940 साली स्पिटफायरने एकदम नाक खाली टाकलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन गचके खायचं. जर्मन मेसरश्मिटला फ्युएल इंजेक्शन, त्याला काही व्हायचं नाही, तो सरळ खाली सूर मारून सटकायचा. यावर तोडगा काढला बिआट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईने. पेट्रोलच्या नळीत बसवायची पितळेची एक छोटी टोपी, तिला नेमक्या मापाचं भोक. इंजिनाला पूर्ण जोरात लागेल तेवढंच पेट्रोल जाणार, जास्त नाही. 1941 च्या सुरुवातीला बाई स्वतः तळातळांवर जाऊन त्या बसवून आल्या. त्या मोटारसायकलच्या शर्यती करायच्या, ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर गेलेल्या.

"इंजिन न उतरवता बसत होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन खाली न काढता. त्यातच हुशारी असते." बसत होती. मामांनी मान डोलावली. बाई पास झाल्या.

या तळाच्या आसपास जीव वाचल्याच्या गोष्टी पुष्कळ. जुलै 2011 मध्ये हवाई कसरतींच्या वेळी मस्टँग आणि स्कायरेडर ही दोन विमानं एकमेकांना धडकली. मस्टँगचा वैमानिक अगदी कमी उंचीवरून पॅराशूट घेऊन बाहेर पडला आणि चालता-बोलता राहिला. स्कायरेडर पंखाचं टोक गमावून नीट उतरलं. आणि ब्लेनहाइमची तर कमालच. बारा वर्षं खपून दुरुस्त केलेलं ते विमान 1987 साली महिन्याभरात पडलं. त्याच मंडळींनी दुसरं उभं केलं, ते 2003 मध्ये इथेच उतरताना मोडलं. पुन्हा बांधलं, 2014 मध्ये उडवलं. यावेळी नाक बसवलं ते एका पठ्ठ्याने युद्धानंतर विजेवर चालणारी मोटार करून रस्त्यावर फिरवलेलं! दोन्ही अपघातांत सगळे वाचले.

हे सांगत असतानाच आम्ही एका हँगरमध्ये शिरलो आणि मामा थांबले. कॅटॅलिना होतं, पाण्यावर उतरणारं. 2020 मध्ये याच विमानाचं इंजिन स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये रुसलं आणि क्रेनने काठावर काढावं लागलं. आज त्याचं एक काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, उघडं होतं. सात सिलिंडर पुढे, सात मागे.

"हे आमचं," मामा म्हणाले. प्रॅट अँड व्हिटनी, ट्विन वास्प. लिबरेटरला हीच चार असत.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. टेस्ट फ्लाइट होती, लोहगावहून. ते वैमानिकांच्या मागे उभे. तीन नंबरच्या इंजिनाचा तेलाचा दाब उतरायला लागला. खिडकीतून बघितलं तर पंखावरून तेलाचा काळा ओघळ मागे पळतोय. तेलाच्या टाकीचं झाकण सुटलं होतं, वारा तेल ओढून घेत होता.

"साहेबांनी लगेच पंखा फेदर केला. पाती वाऱ्याच्या रेषेत घेतली, इंजिन बंद. ती पाती फिरवायलाही तेलच लागतं, कळलं का? पार संपेपर्यंत थांबले असते तर पंखा तसाच फिरत राहिला असता, ब्रेक लावल्यासारखा."

"बाप रे. मग?"

"मग काय, तीन चालू होती की. उतरलो."

"झाकण कुणी लावलं होतं?"

"मी."

मी त्या क्षणी मामींच्या लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचलो, पण बोललो नाही. मामांनी वाकून, कुरकुरत्या गुडघ्यावर हात ठेवून, ट्रेच्या कडेचा थेंब बोटावर घेतला. अंगठ्याने चोळला, वास घेतला. तिथला एक म्हातारा स्वयंसेवक लगबगीने आला. मला वाटलं, आता रागावणार. त्याने खिशातून कॉटन वेस्टचा बोळा काढून मामांपुढे धरला. "फिटर?" त्याने विचारलं. "लिबरेटर्स," मामा म्हणाले. पुढचा पाऊण तास मी बाकावर बसून उरलेली पोळी खाल्ली.

परतीची गाडी वीस मिनिटं उशिरा होती. व्हिटल्सफर्डच्या फलाटावर मामा डोळे मिटून बसले होते. लांबून पुन्हा तो आवाज आला आणि मी उठून आभाळ धुंडाळायला लागलो.

"उतरतोय," मामा डोळे न उघडता म्हणाले. "थ्रॉटल मागे घेतला, फटफटतंय बघ."

मला विमान दिसलंच नाही.