हार्ड डिस्क बॅगेत घालून नेरुळला नेणं कसं बंद झालं

ठाण्याला नौपाड्यात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, पासपोर्ट फोटो, सगळं. मी राहतो नेरुळला आणि घरात एकटा मीच "कॉम्प्युटरवाला", त्यामुळे सगळ्या फोटोंची दुसरी कॉपी माझ्याकडे असावी हे मामानेच ठरवलं, मला कोणी विचारलं नाही. मग दर रविवारी मी ठाण्याला जायचो, आमरस किंवा जे काय असेल ते हाणायचो, डिस्क बॅगेत टाकायचो आणि परतीची पनवेल लोकल पकडायचो. गर्दीत बॅग पोटाशी धरून, आत लोकांची लग्नं.

दोन-तीन वर्षं हे चाललं. मग एकदा डिस्क हातातून पडली (वाचली, पण तो आवाज अजून कानात आहे) आणि मी म्हटलं बास झालं, आता नेटवरून.

पण नेटवरून म्हणजे काय? फोटो एक वेळ सोपे, एकदा काढलेला फोटो परत बदलत नाही, त्यामुळे फक्त नवीन फायली पाठवल्या की झालं. डोकेदुखी होती ती कॅटलॉगची. मामाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा सगळा हिशोब, कुठला फोटो कसा क्रॉप केला, कुठला निवडला, हे एकाच फाईलमध्ये राहतं आणि ती फाईल २.४ जीबीची. मामाने दिवसभरात दोन फोटो उजळ केले तरी फाईल "बदलली". स्टुडिओचा अपलोड स्पीड १० एमबीपीएस, म्हणजे रोज अर्धा तास सगळी फाईल ढकलायची, दोन फोटोंसाठी.

इथे आरसिंक आलं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात बनवलेला, दोन मशीनवरच्या फायली सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम, आणि आजही रोज जगभर चालतो. (ट्रिजेल म्हणजे सांबावाला, ऑफिसात लिनक्स आणि विंडोज एकमेकांचे फोल्डर बघतात ते ज्याच्यामुळे.) फाईलची साइज आणि बदलल्याची वेळ दोन्हीकडे सारखी असेल तर आरसिंक ती उघडूनही बघत नाही, पुढे जातं. फरक असेल तर मात्र फाईल न पाठवता फक्त फरक पाठवतं. आणि मला बरेच दिवस कळत नव्हतं ते इथेच, की बाबा नवी फाईल ठाण्यात, जुनी नेरुळमध्ये, दोघांनी एकमेकांची बघितलेली नाही, मग फरक काढला कोणी?

तर होतं असं. नेरुळचं मशीन आपल्या जुन्या फाईलचे सारखे तुकडे करतं. तुकड्याची साइज फाईलच्या साइजच्या वर्गमुळाच्या आसपास, म्हणजे २.४ जीबीला साधारण ४९ हजार बाइटचा एक असे ४९ हजार तुकडे. प्रत्येकाच्या दोन खुणा काढायच्या, एक छोटी झटपट निघणारी आणि एक मोठी पक्की, आणि फक्त या खुणा ठाण्याला पाठवायच्या. सगळ्या मिळून एक एमबीच्या आत. मग ठाण्याचं मशीन नव्या फाईलमध्ये शोधत बसतं की यातला कुठला तुकडा माझ्याकडे आहे. जे सापडलं त्याचा नुसता नंबर कळवायचा, जे सापडलं नाही तेवढंच खरं पाठवायचं.

आता खरी गंमत. समजा फाईलच्या सुरुवातीला एकच बाइट नवीन घुसला, तर पुढचं सगळं एकेक घर सरकलं आणि एकही तुकडा जुन्या जागी जुळणार नाही. म्हणून ठाण्याचं मशीन प्रत्येक बाइटपासून तुकडा सुरू करून बघतं. दर वेळी ४९ हजार बाइटची बेरीज पहिल्यापासून करायची म्हटलं तर सकाळ होईल. पण आपल्या लोकलचा बाक आठवा. तीन सीट, चौथा अर्धा हवेत. खिडकीवाला ऐरोलीला उतरला, सगळे खिडकीकडे सरकले, कडेला नवा माणूस बसला. बाकावरचं एकूण वजन काढायला परत चौघांना कशाला तोलायचं? उतरला त्याचं वजा करा, बसला त्याचं मिळवा. छोटी खूण अशीच पुढे सरकते, एक बाइट गेला, एक आला. (बेरजा दोन असतात, दुसरीत कोण कुठे बसलाय तेही धरतात.) छोटी खूण जुळली तरच मोठी पक्की खूण काढून खात्री करायची. मला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी बाकावर एकटाच हसत होतो, समोरच्या काकांनी पेपर जरा वर धरला.

रोजचा कॅटलॉग आता ३०-४० एमबीत जातो.

सुरुवातीला तसं होत नव्हतं, रोज सगळीच्या सगळी फाईल जायची आणि मी आरसिंकला शिव्या घालत होतो. चूक माझी. मी शहाणपणा करून कॅटलॉगची झिप पाठवत होतो. झिपमध्ये आत एक गोष्ट बदलली की तिथून पुढचे बाइट सगळेच वेगळे पडतात, जुळायला काही उरतच नाही. झिप काढली, प्रश्न मिटला. तसंच आरसिंकचं स्वतःचं कॉम्प्रेशन, म्हणजे कमांडला जोडायचा डॅश झेड हा पर्याय, ते जेपीजी फोटोंना लावून काही फायदा नाही, आधीच पिळलेला ऊस तो.

पहिली सगळी कॉपी मात्र मी ट्रेननेच आणली, पावणेदोन टीबी १० एमबीपीएसवरून यायला दोन आठवड्यांच्या वर गेले असते.

सेटअप साधा. स्टुडिओत एक जुना डबा कॉम्प्युटर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून ठेवलाय, त्याला डिस्क लावलेली, रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारा) चालतो आणि एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून माल माझ्या घरी ढकलतो. डॅश डॅश पार्शल लावलंय, म्हणजे मध्येच लाईट गेली तर अर्धी आलेली फाईल फुकट जात नाही. आणि डॅश डॅश डिलीट पण लावलं होतं, म्हणजे मामाने तिकडे उडवलेलं माझ्याकडेही उडेल.

मग एकदा स्टुडिओत झाडू मारताना डिस्कची वायर निघाली. डिस्क दिसेनाशी झाली पण ती ज्या फोल्डरमध्ये उघडते तो फोल्डर जागेवरच, रिकामा. रात्री २ ला आरसिंकने बघितलं, ठाण्यात काही नाही, मग नेरुळमध्ये तरी कशाला? सगळं साफ. वाचताना एरर आली असती तर त्याने डिलीट आपणहून थांबवलं असतं, पण रिकामा फोल्डर ही काही एरर नाही. सकाळी चहा पिताना बघितलं, पावणेदोन टीबी मोकळी जागा. ओरिजिनल मामाकडे शाबूत होतं म्हणून वाचलो, पण परत बॅग, परत पनवेल लोकल.

आता डिस्कवर एक छोटी खुणेची फाईल आहे, ती दिसली नाही तर स्क्रिप्ट पुढे जातच नाही. वर डॅश डॅश मॅक्स डिलीट २०० ची मर्यादा, आणि उडवलेलं लगेच न उडता तारखेच्या फोल्डरमध्ये महिनाभर पडून राहतं. कमांड बदलली की आधी डॅश एन लावून नुसतं काय होईल ते बघतो.

हे सगळं मी मामाला एकदा नीट बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला. पुढच्या आठवड्यात रात्रभर अपलोड चालू, सकाळी पण चालू. लॉग बघितला तर ३८ जीबीचा साखरपुडा परत येतोय. फोन लावला.

"मामा, काय केलंस?"

"अरे काही नाही, फोल्डरचं नाव बदललं फक्त. साखरपुडा फायनल केलं."

नाव बदललेलं आरसिंकला कळत नाही, त्याच्या लेखी जुना फोल्डर गेला आणि नवा आला.

"फायनल आहे ना पण?" मी विचारलं.

"तसं समज. मुलीकडच्यांचं अजून दोन फोटोंवर चाललंय."