पाच सूत

नौपाड्यातली आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पितळी कड्या, चौरंग, माळ्यावरचे हंडे असं काय काय वाचवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी चौकट मागून घेतली.

"तिचं काय करणार?" आईनं विचारलं.

"गिटार."

आई गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला गेली ४८ वर्षं नीट ऐकू येतंय.

तसं "गिटार बनवतो" म्हणणंही जरा आगाऊपणाचंच. इलेक्ट्रिक गिटार घरी बनत नाही, जमते. याचं श्रेय लिओ फेंडरला. कॅलिफोर्नियातला हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही. १९५० च्या सुमारास त्यानं बाजारात आणलेल्या गिटारीची नेक (तारांखालचा लांब दांडा) बॉडीला सरसानं चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. झिजली, काढली, दुसरी लावली. रेडिओवाल्याच्याच डोक्यात येणार हे. तेव्हापासून एकीची नेक, दुसरीची बॉडी आणि तिसरीचे पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबक) असे संसार जगभर सुखानं चाललेत. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननं तीन गिटारींचे भाग जोडून केलेली 'ब्लॅकी' २००४ साली लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी केलेल्या गिटारीची नेक शेकोटीवरच्या जुन्या फळीतून निघाली आणि पट्टीवरच्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं कामी आली. ठाण्यात शेकोटी कुठली? पण चौकट होती.

तिचे तीन तुकडे जोडून बॉडीपुरती रुंदी काढायची होती. चरईत आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी नकाशा घेऊन गेलो. त्याआधी आठवडाभर कॅल्क्युलेटर घेऊन अमेरिकन इंचांचे मिलिमीटर करत बसलो होतो. नेकच्या खाचेची खोली १५.९, रुंदी ५५.६. मामांनी कागद लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"हे पॉइंटबिइंट काय? इंचात सांगा."

"खोली पाच अष्टमांश."

"म्हणजे पाच सूत. रुंदी?"

"दोन इंच आणि... तीन सोळांश."

"दोन इंच दीड सूत." त्यांनी लाकडावरच पेन्सिलीनं लिहिलं.

मग मला चेव आला. बॉडीची जाडी? पावणेदोन. तारेची लांबी? साडेपंचवीस. बारावा फ्रेट, म्हणजे नेकवरची बारावी आडवी धातूची पट्टी, बरोब्बर मध्यावर, म्हणजे पावणेतेरा. एकही आकडा अडला नाही. कॅलिफोर्नियातल्या कारखान्याची मापं मामांच्या टेपवर अशी जाऊन बसली, जणू फेंडर कधीतरी जांभळी नाक्यावरून टेप घेऊन गेला असावा. आठवडाभराचं माझं गणित तेवढं वाया गेलं.

साग जड. फेंडर वापरायचा त्या आल्डर लाकडापेक्षा बराच. अर्धा तास गळ्यात अडकवली की खांदा सांगतो. पण बॉडीच्या वरच्या कडेला तोरणाच्या खिळ्याचं भोक आहे, ते मी बुजवू दिलं नाही.

पिकअप एका मित्राच्या मोडक्या गिटारीतले. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्यावर पोलादी तार थरथरली की वीज उपजते, एवढाच खेळ. आवाज कमीजास्त करायचे पॉट आणि कपॅसिटर आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. कपॅसिटर मागितल्यावर काउंटरमागून पहिला प्रश्न आला, "पंख्याचा?"

पहिल्यांदा अ‍ॅम्प लावला आणि घरभर घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपलं हे घूं खर्जातल्या 'जी'ला जवळजवळ लागलेलं असतं. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथलं बिचारं 'बी फ्लॅट' आणि 'बी'च्या मधे लोंबकळतं. हे समाधान मला फार वेळ मिळालं नाही, कारण खालच्या काकूंनी मिक्सर जळतोय का म्हणून बेल वाजवली. तारांना हात लावला, फरक नाही. अ‍ॅम्पची वायर खुपसतात त्या जॅकच्या धातूला बोट लागलं आणि घूं एकदम बसलं. तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजला जाणारी अर्थची वायर मी डाग द्यायला विसरलो होतो.

घूं मिटलं, तर तारा उंच. ब्रिजवरच्या सॅडल, म्हणजे तारांखालचे वरखाली होणारे तुकडे, पार खाली टेकवल्या तरी बोटं दुखायची. खाच पाच सूतच होती. मामांचं चुकलं नव्हतं. मी सेकंडहँड घेतलेल्या नेकची टाच, म्हणजे खाचेत बसणारं टोक, पातळ होती. यावर जगभरचे लोक करतात तेच केलं, खाचेच्या आतल्या टोकाला जाड कागदाची पट्टी ठेवली, म्हणजे नेक किंचित मागे कलते. पट्टी भाच्याच्या लग्नपत्रिकेची. मस्त जाड, सोनेरी काठाची. नेक काढली की अजून "आग्रहाचे निमं" एवढं वाचता येतं. तारा मात्र अशा खाली आल्या की काय सांगू.

आता चौकटीच्या उरलेल्या लाकडातून दुसरी चालू आहे. तिचीही नेक सेकंडहँड, तिचीही टाच पातळ. मध्ये त्याच भाच्याच्या मुलीचं बारसं झालं. मी कात्री काढूनच ठेवली होती, पण आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं.